बाकी पास

जनूमामा गाणं ऐकायला बसले की उजव्या हातात खडू धरायचे. शिंप्याचा चपटा पांढरा खडू. गाण्यात खोट सापडली की समोरच्या फरशीवर एक रेघ. कॅसेट संपली की रेघा मोजायच्या, कुठली रेघ कशाची ते सांगायचं, आणि मग शर्टाच्या खिशातून रबरी शिक्का काढून कॅसेटच्या कव्हरवर मारायचा. 'पास – ७'. कॅसेट पसंत नसेल तर शिक्का खिशातच राहायचा आणि मामा फडक्यानं फरशी पुसून चहा टाकायला उठायचे.

पूर्ण नाव जनार्दन भोईर. राहणार अंबरनाथ पूर्व. नोकरी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, लछूशेठ यांच्या जीन्सच्या कारखान्यात. हुद्दा चेकर, नंबर सात. शिवून आलेली पँट उलटी करायची, झिप ओढून बघायची, खिशात मूठ घालून बघायची, टाका सुटला असेल तिथे खडूची खूण करायची. खुणा सगळ्या आधी. शिक्का सगळ्यात शेवटी. ज्या पँटवर शिक्का नाही ती नापास. ही पद्धत मामांच्या अंगात इतकी मुरली होती की कारखान्याबाहेरही ते दुसऱ्या कुठल्याही क्रमानं बोलू शकत नसत.

लग्नाच्या पंगतीत पानावरून उठताना ते यजमानांना सांगत, "वरणात मीठ कमी. जिलबी काल तळलेली. वाढपी घाई करतो. बाकी पास." नवे यजमान पहिल्या तीन वाक्यांना दुखावत, जुने चौथ्याची वाट पाहत हात जोडून उभे राहत. एकदा एका नगरसेवकाच्या सभेत मामा पुढच्या रांगेत बसले आणि भाषणभर समोरच्या स्टेजच्या कडेला रेघा ओढत राहिले. भाषण संपल्यावर नगरसेवकानं खाली उतरून हसत विचारलं, "काय मामा, कसं झालं?" मामांनी एकवीस खोटी सांगितल्या. नगरसेवक थांबला. मामा चपला शोधू लागले.

रॅपचा नाद त्यांना पन्नाशीच्या सुमाराला लागला. त्या वयात त्यांच्या आळीतली माणसं भजनी मंडळात नाव घालत. मामांच्या बाबतीत कारण घडलं ते असं. लछूशेठनी नक्कल करण्यासाठी कुठूनतरी एक परदेशी जीन्स आणली. तिच्या मागच्या खिशात एक कॅसेट निघाली. शेठनी पँट ठेवून घेतली आणि कॅसेट मामांकडे टाकली. मामांनी ती जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या टेपवर लावली. कारागिरांनी कानावर हात ठेवले. मामांनी पूर्ण बाजू ऐकली आणि निकाल दिला, "शब्द मना कलत नाय. पन शिलाई सरल हाय."

पुढे हिंदी आणि मराठीतही तसल्या कॅसेटी येऊ लागल्या. मामा प्रत्येक घ्यायचे. रॅप म्हणजे नेमकं काय, असं मी त्यांना एकदा विचारलं. आगरी लग्नांत विधींची गाणी म्हणणारी एक बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. मामांची आजी धवलारीण होती. मामा म्हणाले, "आमच्या आजीला शिलाई मशीनवर बसवली आनि मोटर चालू केली, का झाला रॅप."

माझा-त्यांचा संबंध आला तो वर्तमानपत्रामुळे. मुंबईच्या एका दैनिकातली नोकरी सोडून मी कॅम्प तीनमध्ये एक मराठी साप्ताहिक चालवत होतो. एका शनिवारी मामा आमचा ताजा अंक घेऊन आले. अंकावर चौदा जागी खडू. त्यांनी चौदाही चुका उभ्यानंच सांगितल्या. त्यातल्या तेरा खऱ्या होत्या. मग अंकाची घडी उलटी केली. नावाखाली शिक्का मारलेला होता. "बाकी पास," मामा म्हणाले.

मी त्यांना कॅसेटींवर लिहायला सांगितलं. सदराचं नाव 'एका रसिकाचं मत'. दर गुरुवारी कामावरून सुटल्यावर मामा मजकूर आणून द्यायचे. कारखान्याच्या कोऱ्या पाठीच्या कागदांवर, कार्बन घालून लिहिलेला. कार्बनची प्रत ते स्वतःजवळ ठेवत. बोलणं आगरी, लिहिणं शाळेतलं. मजकुराचा क्रम कारखान्याचाच. खोट एक, खोट दोन, खोट तीन. आणि शेवटी 'बाकी पास' लिहून त्याची कारणं. कॅसेट नापास असेल तर शेवटच्या खोटीनंतर काहीच नसे.

वाचकांना हे लवकर समजलं. ते सदर खालून वाचू लागले. कॅम्प एकमधला कॅसेटवाला गोपू ते कात्रण काचेवर चिकटवायचा आणि गिऱ्हाईकं कात्रणाच्या तळाशी वाकून विचारायची, "मामाने ठप्पा मारा क्या?"

मामांनी लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांचा भाचा दिलीप. बहीण वारली तेव्हा दिलीप नऊ वर्षांचा होता. त्याचे वडील चामटोलीला शेतीवर राहिले आणि मामांनी त्याला अंबरनाथला आणलं. मोठा झाल्यावर तो लछूशेठकडेच मशीनवर बसला. मामांच्या कॅसेटी त्यानंही ऐकल्या. मग स्वतः जुळवू लागला.

तो घर सोडून गेला त्या दिवसाबद्दल मामा एकदाच बोलले होते. दिलीपनं स्वतःचं पहिलं गाणं घरात म्हणून दाखवलं. मामा खडू घेऊन बसले. गाणं संपेपर्यंत फरशीवर बारा रेघा झाल्या. मामा पहिल्या रेघेपासून सांगू लागले. सातव्या-आठव्या रेघेवर दिलीप उठला. "मामा, तुला एकदा तरी खोट न काढता बोलता येतं काय रे? आयुष्यभर पँटच समजतोस मला!" आणि पिशवी भरून गेला. बदलापूरला खोली घेतली, टेम्पो चालवू लागला. या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली होती.

"तुम्ही थांबवलं नाहीत?" मी विचारलं होतं.

"चार रेघा राह्यल्या होत्या," मामा म्हणाले. "मधी कसा थांबनार?"

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला 'कॅम्प नंबर सहा' नावाची नवी कॅसेट बाजारात आली. गायकाचं नाव मास्टर डी. रॅप, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. एका गुरुवारी मामांनी तिच्यावरचा कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. एरवी कागद दिला की ते निघायचे. त्या दिवशी उभे राहिले.

"ह्या शनवारीच येल ना?"

"येईल की."

"पुरा येल ना?"

"दर वेळी येतो तसाच येईल, मामा."

ते गेले. मी कागद टाइप करायला दिला.

त्या काळी आमचं पान हातानं लावलं जायचं. मजकूर ब्रोमाइडवर छापून यायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि गोंदानं पानावर चिकटवायच्या. शुक्रवारी दुपारी पान तयार झाल्यावर एका साडीच्या दुकानाची जाहिरात आली. तिला तिसऱ्या पानावर आठ ओळींची जागा हवी होती. दैनिकात मी अकरा वर्षं काढली. तिथे शिकवलेली पहिली गोष्ट अशी, की महत्त्वाचं वर असतं. जागा कमी पडली तर मजकूर खालून कापायचा. मी ब्लेड घेतलं, मामांच्या पट्टीच्या खालून आठ ओळी मोजल्या आणि कापल्या. मोजल्या, वाचल्या नाहीत. तुकडा टेबलाखालच्या टोपलीत टाकला. मामांचा मजकूर कुठल्या क्रमानं असतो ते अख्ख्या उल्हासनगरला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

शनिवारी छापून आलं ते हे :

"'कॅम्प नंबर सहा'. खोट एक : उल्हासनगरात कॅम्प पाच आहेत. सहावा गायकानं कुठे पाहिला, पत्ता द्यावा. खोट दोन : पहिल्या गाण्यात शहाडच्या पुलावर गार वारा सुटतो. मी त्या पुलावर पुष्कळदा उभा राहिलो आहे. तिथे वास सुटतो. खोट तीन : एका श्वासात एकतीस शब्द. गायक तरुण आहे, धाप ऐकणाऱ्याला लागते. खोट चार : हिंदीतून मराठीत येताना गायक इकडेतिकडे न बघता रूळ ओलांडल्यासारखा येतो. खोट पाच : कव्हरवर गायकानं घातलेल्या जीन्सची डाव्या खिशाची शिलाई वाकडी आहे. ती आमच्या कारखान्याची नव्हे. खोट सहा : चौथ्या गाण्यात कडव्याच्या शेवटी आवाज खाली बसतो."

इथे सदर संपलं. खाली साडीची जाहिरात.

त्या संध्याकाळी गोपूनं दुकानातून हाक मारली. "साहेब, मामाने इसको रिजेक्ट किया? लडका तो अच्छा बोलता है."

"छापलंय ते मामांचं मत," मी म्हणालो. हे वाक्य मी न तपासता बोललो.

पुढच्या गुरुवारी मामा आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. मी कॅम्प पाचला कारखान्यात गेलो. लछूशेठ गल्ल्यावर बसले होते.

"आज छुट्टी पे है," शेठ म्हणाले. "अठरा साल में पहली छुट्टी, साईं. भांजे की शादी है बदलापूर में. अच्छा है, एक दिन शांती. महिनाभर एकच कॅसेट लावतो तो. एकच! त्यात पण एकच गाना. खतम झाला की मागे, खतम झाला की मागे. मेरा टेप का बटन तोड दिया. मैं बोला, मामा, घर ले जा तेरा कॅसेट. तो बोलतो, घरी पण हीच चालू असते."

दिलीपच्या लग्नाला मामा गेले, म्हणजे दोघांचं जमलं. मला बरं वाटलं. परत येताना मी चहा घेतला.

शुक्रवारी मामा एक दिवस उशिरा आले. अंगात नवा पांढरा शर्ट होता. आदल्या दिवशी घातलेला असावा. बाहीची इस्त्री मोडली होती, बाकी कोरा.

"काय मामा, लग्न कसं झालं?"

"झाला असंल."

"म्हणजे? तुम्ही गेला नव्हतात?"

"बोलावला नाय," मामा म्हणाले. "तयार होऊन ओट्यावर बसलो होतो. ऐन वेलेला कोन आला निरोप घेऊन, तर उशीर नको. बारा पस्तीसचा मुहूर्त होता. मंग उठलो आनि हा अंक वाचला."

त्यांनी मागच्या शनिवारचा अंक टेबलावर पसरला. खडूच्या खुणा होत्या. "दुसऱ्या पानावर शाई पसरली. पानी बंद असल्याची बातमी दोनदा आली. आनि ह्या पानावर आठ ओली कमी." खिशातून कार्बनची प्रत काढून त्यांनी अंकाशेजारी ठेवली. आवाज नेहमीचाच. "जागा कमी पडली असंल. व्हतं."

मी कार्बनवरच्या निळ्या अक्षरांतल्या शेवटच्या ओळी पहिल्यांदा वाचल्या.

"गळा जपावा. बाकी पास. शिलाई सरळ आहे. चौथं गाणं कोणावर आहे ते मला कळलं. त्या दिवशीही शिक्का खिशात होता, तू आधी उठलास. लग्न ठरल्याचं चामटोलीहून कळलं. पाठीमागे उभं राहायला मामा लागतो. निरोप दे, मी येतो. – जनार्दन भोईर, चेकर नंबर सात."

मास्टर डी म्हणजे दिलीप. हे मला तोवर माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी ब्लेड चालवण्याआधी वाचलंच असतं असं नाही. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या मागे त्याचा मामा उभा असतो. ती जागा मामांनी आमच्या सदरातून मागितली होती, कारण दिलीप ते सदर वाचतो आणि खालून वाचतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मी काहीतरी माफीचं बोलू लागलो. मामांनी अंकाची घडी उलटी केली. नावाखाली शिक्का होता.

"बाकी पास," ते म्हणाले आणि गेले.

त्या आठ ओळी मी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत छापल्या. मुहूर्त होऊन दोन दिवस झाले होते. रविवारी अंक आणि कार्बनची प्रत घेऊन मी बदलापूरला दिलीपच्या खोलीवर गेलो. त्यानं दार उघडलं, माझं नाव ऐकलं आणि दारातच उभा राहिला.

"अजून काय छापायचं राहिलंय?"

मी प्रत पुढे केली. त्यानं नजर थेट कागदाच्या तळाशी नेली. मग एकेक ओळ वर चढत वाचलं. त्याची बायको आतून पाणी घेऊन आली. तांब्या दाराशी ठेवून तीही वाकून वाचू लागली.

"मी खालूनच वाचलं होतं," तो म्हणाला. "खाली आवाज बसतो लिहिलेलं. त्याच्याखाली साडी. मला वाटलं, संपलं. मी चामटोलीला बाबांना सांगितलं, मामाला नको बोलावू."

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"ती कळली. पण ही सहावी खोट त्यानं का लिहिली? सगळं मान्य. कॅम्प पाच, मान्य. वास, मान्य. पण चौथ्या गाण्यात माझा आवाज बसत नाही, साहेब. तेच गाणं मी सगळ्यात दाबून म्हटलंय. त्याच्यावरच आहे ते." त्यानं कपाटावरची स्वतःची कॅसेट टेपमध्ये घातली.

"फरशी सगळी पांढरी झाली, खडू काही संपेना,
सात नंबर, सात नंबर, शिक्का कुठं दिसेना!"

आवाज कुठेही बसत नव्हता. कडव्याच्या शेवटी तर चढत होता.

"खोट नसताना खोट काढायची त्याला सवय नाही," दिलीप म्हणाला. "म्हणून जास्त लागलं."

आम्ही तिघं त्याच्या टेम्पोतून अंबरनाथला गेलो. मामा घरी होते. दारात दिलीपला पाहून ते म्हणाले, "केस वाढलेत. टेम्पो गटारावर लावलास. बायको उन्हात उभी हाय." मग बाजूला सरकले. "या."

चहा झाला. दिलीपनं टेपकडे बोट केलं. "मामा, ते चौथं गाणं लाव. आवाज कुठे बसतो ते दाखव मला."

मामांनी बटण दाबलं. कॅसेट आत होतीच आणि गाण्याच्या सुरुवातीला लावून ठेवलेली होती. पहिल्या ओळी सरळ गेल्या. 'सात नंबर, सात नंबर' आलं आणि आवाज जड होत, घसरत खाली गेला, एखादा माणूस बोलता बोलता झोपी जावा तसा. मामांनी खडू उचलून फरशीवर रेघ ओढली. "हा बग. हितंच."

दिलीपनं कॅसेट बाहेर काढली आणि उजेडात धरली. मी शेजारीच होतो. त्या जागी फीत ताणून सुरकुतली होती. कडांना पांढुरकी. तेवढाच भाग मागे घ्यायचा आणि परत लावायचा, असं किती वेळा केल्यावर फितीची अशी दशा होते ते मला सांगता येणार नाही. दिलीपला येत असावं. त्यानं कॅसेट हळूच परत आत ठेवली.

"बसतो रे, मामा," तो म्हणाला. "खोट बरोबर आहे तुझी."

"मंग? मी काय खोटा लिवतो?"

"नाही."

"गला जप बोल्लो तो त्यासाठीच. रोज मीठ घालून गरम पान्याच्या गुलन्या कर."

"करतो."

दिलीपच्या बायकोनं पिशवीतून पाकीट काढलं. लग्नाचे फोटो आदल्या दिवशी आले होते. मामांनी चष्मा पुसला आणि एकेक फोटो हातात घेऊन, पँट बघतात तसा कडेपासून बघायला सुरुवात केली. मुंडावळ्या वाकड्या. हार एका बाजूला ओघळला. मंडपाच्या कापडाला टाके दोन इंचांवर. प्रत्येक फोटोला दोन-तीन खोटी, आणि प्रत्येकाच्या शेवटी "बाकी पास". सूनबाई हसू लागली होती. दिलीपही.

मग मंगलाष्टकांचा फोटो आला. अंतरपाट, अक्षता, नवरदेव. त्याच्या मागे अंगाला मोठा होणारा कोट घातलेला एक माणूस.

"हा कोन?"

"शेजारचे काका," दिलीप म्हणाला. "ऐन वेळेला कोणी नव्हतं."

मामांनी फोटो जवळ घेतला. "अक्षता डोल्यांवर उडतात. अंतरपाट खाली आलाय. हा मानूस जरा डावीकरं कललाय."

ते थांबले. फोटो अजून हातातच होता. आम्ही तिघं त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिलो. मामांनी फोटो पाकिटात घातला, पाकीट सूनबाईकडे दिलं आणि फडकं घेऊन फरशीवरची रेघ पुसायला खाली वाकले.